दिवसा घरी असणारी माणसं

मंगळवारी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान माझा नवरा अमेरिकेतल्या आमच्या कॅरीच्या घरात वारला. मी लायब्ररीत कामावर होते. मुलगी टेक्सासमध्ये होती. दाराला आतून कड्या होत्या.

बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सगळं कळायला आठवडा गेला. ते इथे एकदाच लिहून ठेवते. छातीत दुखायला लागल्यावर त्याने स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवरचं अलार्मचं बटण दाबलं होतं. सुरक्षा कंपनीच्या माणसाने त्यांच्या नियमाप्रमाणे आधी घरी फोन केला. तो कोणी उचलला नाही. मग त्याने यादीतल्या पहिल्या नंबरावर केला. तो नंबर नागपूरचा होता, माझ्या मोठ्या दिरांचा. माझा नवरा विद्यार्थी म्हणून या देशात आला तेव्हा पहिल्याच फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं’ असा रकाना होता. इथे त्याचं कोणीच नव्हतं, म्हणून त्याने भावाचा नंबर लिहिला. पुढे मी आले, मुलगी झाली, नागरिकत्व मिळालं, घर घेतलं. भावाने फोन बदलला तेव्हा तो नवा नंबर त्याने आठवणीने सगळीकडे लिहिला, पण रकान्यातला माणूस मात्र कधी बदलला नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या कामावरच्या फॉर्मवर माझ्या बहिणीचा नंबर होता आणि ती अमरावतीला राहते.

दिरांनी परदेशातला अनोळखी नंबर पाहिला आणि कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. असे फोन फसवणुकीचे असतात, अजिबात उचलायचे नाहीत, असं त्यांना माझ्या नवऱ्यानेच महिनाभरापूर्वी बजावून सांगितलं होतं.

मग कंपनीने अँब्युलन्स बोलावली. ती वेळेत आली. पुढच्या दाराला आकडे दाबून किंवा किल्लीने उघडायचं कुलूप, वर आणि खाली एकेक बोल्ट, आणि आतून एक लोखंडी अडसर होता. तो अडसर त्याने स्वतः बसवला होता, दोन रविवार खपून. अँब्युलन्सची माणसं आधी त्या दारापाशी झटत राहिली, मग मागे जाऊन काचेचं दार फोडून आत शिरली. दारावरच्या कॅमेऱ्याने त्यांना ओळखलं नाही. ‘दाराशी अनोळखी व्यक्ती’ अशी सूचना त्याने पाठवली आणि ती माझ्या नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर आली. माझ्या फोनवर ते अ‍ॅपच नव्हतं. घालून घे, असं तो वर्षभर सांगत होता. तुझ्याकडे आहे ना, मग झालं तर, असं मी वर्षभर म्हणत होते.

एकूण किती मिनिटं गेली ते मला माहीत आहे. ते इथे लिहिणार नाही. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की आधी पोचले असते तरी कदाचित फरक पडला नसता. त्या ‘कदाचित’बरोबर मी राहते.

तो इथल्या एका कॉलेजात सुरक्षा हा विषय शिकवत असे. हे ऐकून लोक हसू दाबतील असं मला पहिले काही महिने वाटायचं, म्हणून मी ते सांगणं टाळत होते. पहिल्या तासाला तो फळ्याच्या मधोमध रेघ ओढायचा. डावीकडे लिहायचा: सीमा, सैन्य, पोलीस, शस्त्रं, करार. उजवीकडे: पाणी, अन्न, साथीचे रोग, उष्णता, स्थलांतर, संगणकावरची फसवणूक. डावी बाजू पारंपरिक, उजवी अपारंपरिक. मग तो मुलांना विचारायचा, तुम्ही शेवटचे घाबरलात ते कोणत्या बाजूच्या गोष्टीला? बहुतेकांचे हात उजव्या बाजूला वर होत. कोणाच्या आईचं इन्सुलिन संपत आलेलं असे, कोणाच्या गावी पुराचं पाणी घरात शिरलेलं असे. देशांनी मात्र आपली बुद्धी आणि पैसा बराच काळ डाव्या बाजूला घातला, इथून त्याचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा. संध्याकाळी घरी आला की मुलांची उत्तरं तो मला सांगायचा. त्याला ती पाठ असत.

घरात मात्र तो पूर्णपणे डाव्या बाजूचा होता. यावरून मी त्याला चिडवत असे. पण कारण मला ठाऊक होतं, म्हणून चिडवण्याला हद्द होती.

लग्नानंतर पहिलं वर्ष आम्ही पुण्यात काढलं. घर शोधताना मालक आधी कौतुकाने बोलत. दोघंही एम. ए., मुलगा प्राध्यापक होणार, वगैरे. मग पूर्ण नाव विचारत. आडनाव ऐकलं की त्यांना एकाएकी आठवे की पुतण्या येणार आहे, खोली लागणार आहे. असे पुतणे तीन घरांना होते. चौथ्या ठिकाणी मिळालेल्या खोलीच्या दाराला कडीच बसत नव्हती. आम्ही दाराला स्टूल लावून झोपायचो, आणि मालकीणबाई सकाळी स्टुलासकट दार ढकलून आत येऊन भिंतीवर कोणाची तसबीर लावली आहे ते बघून जायच्या. कॅरीत घर घ्यायची वेळ आली तेव्हा एजंट आम्हांला स्वयंपाकघराचा ओटा दाखवत होती आणि हा दारं उघडून-लावून बघत होता. मला मराठीत म्हणाला, “या दारात उभं राहून आपल्याला कोणी काही विचारणार नाही.” बोल्ट, अडसर, कॅमेरा हे सगळं त्या एका वाक्यातून आलं. पुढे इथलंही वातावरण बदललं, पार्किंगमध्ये त्याला एकदा कोणीतरी तुझ्या देशात परत जा म्हणून ओरडलं, तेव्हा दुसरा कॅमेरा आला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं. बुद्धवंदना झाली, नागपूरचे लोक पडद्यावर होते, दीर कडेला मान खाली घालून बसले होते. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मुलीने विषय काढला. ती टेक्सासात फ्रिस्कोला राहते आणि पुलांची तपासणी करते. पुलाखाली दोरावर लटकून हातोडीने खांब वाजवून बघायचे, हे तिचं काम. ती इथेच जन्मली. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र अर्धं. तिने दोन पर्याय ठेवले. एक, मी घर विकून तिच्याकडे यायचं, खोली तयार होती. दोन, इथेच राहायचं असेल तर घरात आतूनही कॅमेरे, प्रत्येक खोलीत, आणि मनगटावर पडल्यावर कळवणारं घड्याळ.

घड्याळाला मी हो म्हटलं. कॅमेऱ्यांना नाही म्हटलं, फ्रिस्कोलाही नाही म्हटलं. ती आवाज न चढवता म्हणाली, “आई, मी फक्त एक गोष्ट चेक करते. एक खांब गेला तर त्याचा लोड कुठे जातो? कुठेच जात नसेल तर मी ब्रिज बंद करते. कितीही सुंदर असला तरी.”

“आणि माझा?”

“तुझा एकच खांब होता.”

पुढे तिने मला सरळ प्रश्न केला की मी बाथरूममध्ये पडले आणि घड्याळ चार्जिंगला असलं, तर किती वेळात कोणाला कळेल. मी विचार केला. लायब्ररीतले लोक दुसऱ्या दिवशी फोन करतील. शनिवार असेल तर सोमवारी. ते मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, तीन तास. तीन तासांत कोणाला तरी कळलं पाहिजे, आणि तो कोणीतरी आत येऊ शकला पाहिजे. ऑगस्टपर्यंत मुदत. नाहीतर फ्रिस्को.

मी तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम केलं आहे. बोलायचं नसलं की नोंदी करणं मला जमतं. मी रजेवर होते. पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसून आमच्या रस्त्याच्या नोंदी करायला लागले. सात ते साडेआठ गाड्या बाहेर पडत. बहुतेक आयटीतले, काही औषध कंपन्यांतले. नऊनंतर रस्त्यावर उरत ती गवत कापणारी माणसं, पार्सलच्या गाड्या आणि म्हातारी माणसं. म्हातारी म्हणजे आपल्याकडची, मुलांकडे राहायला आलेली. पांढरे स्पोर्ट्स शूज, वर साडी किंवा झब्बा, डोक्याला मफलर. समोर एक गोरे गृहस्थ राहत, आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेले. ते दुपारी चारला कुत्र्याला घेऊन निघत. बाकी अख्खा रस्ता दिवसभर कुलपात होता. सगळ्यांच्या दारांवर कॅमेरे होते, आणि ते एकमेकांच्या बंद दारांचं चित्रण करत होते.

सकाळी दोन आणि संध्याकाळी एक अशा तीन फेऱ्या न चुकता घालणारी एकच बाई होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू. पुण्याच्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. हातात काठी, पण ती टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठीच जास्त. कोणाचं पार्सल दोन दिवस पडून आहे, कोणाचा पाण्याचा फवारा रात्रीपासून चालू आहे, हे सगळं त्यांना माहीत.

त्या काकूंच्या घरी आम्ही बारा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही इथे नवे असताना त्यांच्या मुलाने फराळाला बोलावलं होतं. काकूंनी दारातच आडनाव विचारलं. माझ्या नवऱ्याने सांगितलं. मग त्यांनी गाव विचारलं. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “असू दे, असू दे. या आत.” आम्ही आत गेलो, चकली खाल्ली, परत आलो. गाडीत बसावं इतकंही अंतर नव्हतं. चालत येताना तो म्हणाला, “असू दे म्हणजे काय? माफ केलं?” त्यानंतर तो त्यांच्याकडे बघून मान हलवायचा, एवढंच.

चौथ्या दिवशी मी नोंदवही मिटली. जे दिसत होतं ते दिसत होतं. किल्ली करून आणली आणि दोन घरं चालत गेले.

काकूंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. त्या शेंगा सोलत होत्या. मी काय हवं आहे ते सांगितलं: सकाळी आठपर्यंत माझ्या पुढच्या खिडकीचा पडदा वर गेला नाही तर फोन करायचा, फोन उचलला नाही तर किल्लीने आत यायचं. त्यांनी किल्ली उचलली नाही. टेबलावर मध्येच राहिली.

“पुष्कळ शिकलेले लोक आहेत या रस्त्यावर,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडेच का?”

“तुम्ही दिवसा घरी असता म्हणून.”

“हे बरं आहे. बारा वर्षं चहाला आला नाहीत, आणि आता थेट किल्ली.”

मी भांडण करणारी बाई नाही. पण घरातून निघतानाच ठरवलं होतं की हे बोलल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मी त्यांना त्या दिवसाची आठवण करून दिली. आडनाव, गाव आणि नंतरचं ‘असू दे’. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आमच्याकडे विचारतातच हो ते,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. म्हणूनच आलो नाही आम्ही.”

त्यांनी माफी मागितली नाही आणि मी ती मागायला लावली नाही. मग त्या शेंगांकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवशी मी रस्त्यात होते. अँब्युलन्सची माणसं तुमच्या पुढच्या दाराशी धडपडत होती. मला माहीत होतं ते उघडणार नाही. एवढं बंद दार या रस्त्यावर दुसरं नाही. मागच्या वाटेने रोज जाते मी, मागे काच आहे हे ठाऊक होतं.”

“तुम्ही सांगितलंत त्यांना?”

“इंग्रजी कसलं येतंय मला. एकाची बाही धरून मागे नेला आणि काठीने काच दाखवली. तो बघतच राहिला, म्हणून पहिला दणका मीच घातला.”

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या मिनिटांतली काही मिनिटं या बाईने वाचवली होती. आणि तरीही माझ्या नवऱ्याने मला इथे बसलेलं पाहिलं असतं तर त्याला आवडलं नसतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नव्हती. मी किल्ली त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाल्या, “एक विचारते. तुम्ही पडलेल्या असलात तर मी बूट काढून आत यायचं का तसंच?”

“तसंच या.”

“ठीक. नंतर कटकट नको.”

काकू थंडीत तीन महिने भारतात जातात, अधूनमधून मुलीकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटलाही असतात. म्हणजे हाही एकच खांब झाला असता. म्हणून दुसरी किल्ली मी समोरच्या टपालवाल्यांना दिली. त्यांनी काहीही न विचारता घेतली. त्यांनी मला सांगितलं की टपाल वाटताना दोनदा त्यांनीच पोलिसांना बोलावलं होतं, पेटीत कागद साचलेले दिसले म्हणून. त्यासाठी कोणी त्यांना नेमलं नव्हतं. घरी येऊन मी अडसर काढला. चार स्क्रू होते. बोल्ट ठेवले पण लावणं बंद केलं, पुढचा कॅमेरा ठेवला, अ‍ॅप माझ्या फोनवर घातलं, आणि कंपनीच्या यादीतला नागपूरचा नंबर काढून तिथे दोन घरांचे नंबर लिहिले. दिरांना फोन करून ते कळवलं. ते म्हणाले, बरं केलंस. आणि मग पहिल्यांदा रडले.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी पडदा वर केला नाही. विसरले नव्हते. त्याच्या कपाटाशी जमिनीवर बसले होते, त्याचा एक स्वेटर मांडीवर होता, आणि उठायचं नव्हतं. फोन स्वयंपाकघरात वाजला आणि थांबला. थोड्या वेळाने पुढच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला. काठी, मग बूट, सरळ बेडरूमपर्यंत.

“पडलीस का गं?”

“नाही.”

“मग खाली काय करतेस?”

मला राग आला. न धुतलेलं तोंड, कालचा गाऊन, मांडीवर स्वेटर, आणि दारात ही बाई. मी विचारलं की अशा कशा आत आलात. त्या म्हणाल्या, तूच सांगितलंस. हे खरंच होतं. मी स्वतः बसवलेली व्यवस्था पहिल्यांदा चालली होती आणि मला ती नको होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं, आणि काठी भिंतीला टेकवून माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. बोलणं हा ज्यांचा दिवसभराचा उद्योग, त्या पाव तास गप्प बसल्या. मग उठायला गेल्या तर गुडघे उचलेनात. मी त्यांना काखेत धरलं, पलंगाचा आधार दिला, तिसऱ्या खेपेला त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सुनेला सांगू नकोस. ती मला बाहेर सोडायची बंद करेल.”

मी चहा केला. त्यांनी तो घेतला, बशीत ओतून. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मी बघते आहे हे त्यांना कळलं. दुसरा कप त्यांनी स्वतः मागितला.

त्या दुपारी मी किल्ली परत मागायची असं ठरवून बूट घातले. दारापर्यंत गेले. मला सुरक्षित राहायचं होतं, पण कोणी बघायला नको होतं. तेच तर माझ्या नवऱ्यालाही हवं होतं, आणि त्याच्याकडे त्यासाठी कारण होतं. मी दारात उभी राहून बराच वेळ विचार केला की माझ्याकडे काय कारण आहे. लाज, एवढंच सापडलं. लाजेसाठी घर सोडून फ्रिस्कोला जायचं नव्हतं. मी बूट काढले.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना एवढंच सांगितलं की यापुढे रोज सकाळी फोनवरही दोन शब्द पाठवेन, ‘पडदा वर’, आणि एखाद्या दिवशी नको असेल तर तसं कळवेन. त्या म्हणाल्या, हरकत नाही. रडायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेव, म्हणजे माझी एक फेरी वाचेल.

ऑगस्टमध्ये मुलगी आली. आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पडद्याची दोरी ओढायला गेले तर तिने माझा हात धरला. माझा फोनही काढून घेतला. म्हणाली, बघू. मी सांगितलं की काकू कॅरीत नाहीत, आठवड्यासाठी फ्रीमाँटला गेल्या आहेत. ती म्हणाली, मग तर बघायलाच हवं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसलो. आठ वाजून गेले. साडेआठला माझा फोन वाजला. तिने तो पालथा घातला. पुन्हा वाजला. मला ओशाळल्यासारखं झालं आणि तिचाही चेहरा फार बरा नव्हता.

नऊच्या आधीच समोरच्या घराचं दार उघडलेलं अ‍ॅपवर दिसलं. टपालवाले घरातल्या सपाता घालून, फोन कानाला लावून रस्ता ओलांडत आले. बेल वाजवली. दार ठोठावलं. मोठ्याने हाक मारली. मग किल्ली लावली. आत येऊन त्यांनी आम्हांला पाहिलं, दोन कप पाहिले. मुलगी शाळेतल्यासारखी उभी राहिली आणि काय केलं ते तिने कबूल केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी असं करायचं असेल तर निदान नाश्ता तयार ठेवा, असं काहीसं ते म्हणाले, पण हसले नाहीत. मग कानाचा फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

पलीकडे काकू होत्या. तिकडची वेळ तीन तास मागे, अजून सहा वाजायचे होते. पाचपासून त्या माझ्या दोन शब्दांची वाट बघत बसल्या होत्या. ते आले नाहीत तेव्हा मला फोन केला, आणि मी उचलला नाही तेव्हा झोपलेल्या मुलीला उठवून तिच्याकडून इंग्रजीत समोरच्या घरी फोन करवला होता. मी झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या मुलीला म्हणावं, सासू असल्यासारखी परीक्षा घेऊ नकोस. मी तिला ओळखत नाही, पण आल्यावर बघते.”

टपालवाले गेल्यावर मुलीने स्वतःच जाऊन पडदा वर केला. खिडकीशी पाठ करून उभी राहिली.

“बाबांना हे आवडलं असतं?”

“नाही,” मी म्हटलं. “त्याने किल्ली कोणाला दिली नसती. त्याची कारणं खरी होती.”

“मग?”

“मग मी देते.”

तिने कप धुतले, विसळले, उपडे घातले. मग म्हणाली, “ओके. लोड जातोय कुठेतरी.” पुलांची तपासणी चोवीस महिन्यांनी पुन्हा करतात, तसं तीही पुन्हा करणार आहे, असं तिने मला बजावलं. मी म्हटलं, कर. दुपारी ती टपालवाल्यांकडे केक घेऊन गेली आणि दीड तास आली नाही.

नवऱ्याचा विषय आता कॉलेजात दुसरं कोणी शिकवतं. मी आठवड्यातले चार दिवस लायब्ररीत जाते. माझ्या पुढच्या दाराला दोन बोल्ट आहेत आणि अडसर नाही. किल्ल्या चार आहेत, त्यांतली एक मुलीकडे, एक माझ्याकडे. मी याच घरात राहते.